आजोबांचा मुकुट

कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून रीताने आजेसासऱ्यांच्या कपाळावरचं कुंकू पुसायला घेतलं, तेव्हा ती मनातल्या मनात अजयच्या नावाने बोटं मोडत होती. मंडई दुसऱ्या दिवसावर आली होती. दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या प्रत्येक गावाला मंडईची हुक्की येते. लेकीबाळी माहेरी येतात, दिवसा बाजार भरतो, रात्री नाटक रंगतं, आणि मोहबोडीतल्या बोरकुट्यांच्या घरात तर ओट्यावर चपला ठेवायलाही जागा उरत नाही. वड्यांचं तेल चुलीवर ठेवायचं सोडून रीता पूर्वजांना आंघोळ घालत बसली होती, आणि ती का, तर दिराला सरपंच व्हायचं होतं.

अजयने ठरवूनच टाकलं होतं. चौकात, नाटकाच्या मांडवासमोर, दोन खांबांना बांधून भलं मोठं फ्लेक्स लागणार. त्यावर मधोमध स्वातंत्र्यवीर मुखरूजी बोरकुटे, आणि खाली कोपऱ्यात, नम्रपणे हात जोडलेला, त्यांचा नातू अजय. उद्या दुपारी सोमाजींच्या, म्हणजे रीताच्या सासऱ्यांच्या, मुखरूंच्या मुलाच्या हस्ते फुलं वाहायची आणि माईकवर दोन शब्द. आता हे मुखरूजी स्वातंत्र्यवीर कधी झाले, हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. रीता लग्न होऊन आली तेव्हा त्यांना आलापल्लीच्या जंगलात वाघाने नेलेलं होतं. पुढे काही वर्षं ते तापाने गेलेले होते. मागच्या पंचायत निवडणुकीत अजय पडला, त्यानंतर मात्र त्यांना इंग्रजांची गोळी लागली. खरं एवढंच होतं, की सोमाजी रांगत होते आणि त्यांची बहीण इंदू आईच्या पोटात होती, तेव्हा मुखरू सागवान तोडायला म्हणून गेला आणि परत आला नाही.

त्याची निशाणी म्हणून घरात एकच गोष्ट होती. देवघरातली काडेपेटीएवढी चौकट आणि तिच्यातला एका बाजूला तोंड केलेला दाढीवाला माणूस. सोमाजींच्या आईने, सोमारीने, ती तिथे ठेवली होती आणि मुलांना सांगितलं होतं, हा तुमचा बाप. पोळा, पितरं, दिवाळी, काहीही असो, पहिलं बोट त्याच्या कपाळाला लागायचं. वर समईची काजळी. त्यामुळे त्या माणसाचं नाक, दाढी आणि गळ्यातला काळा दोरा तेवढा दिसायचा, पण त्या नाकावर अख्ख्या घराचा जीव होता. रीताच्या नवऱ्याचं, प्रफुलचं नाक हुबेहूब आज्याचं आहे, असं सगळे म्हणत. अजयला तसं नाक मिळालं नाही म्हणून त्याने दाढी राखली होती, अगदी आज्यासारखी, टोकाला निमुळती.

कुंकवाचा पापुद्रा निघाला. त्याखाली दुसरा निघाला. मग कपाळाच्या वर काहीतरी नक्षीदार दिसू लागलं. रीताला आधी वाटलं बाशिंग असेल, म्हणजे फोटो लग्नातला असेल, आणि तिला उगीच बरं वाटलं. मग बाशिंगावर क्रूस दिसला. रीताने खिडकीशी जाऊन चौकटीचे खिळे सुईने उचकले आणि आजेसासऱ्यांना बाहेर काढलं. कागद कडेला दातेरी होता. चौकटीआड राहिलेल्या पट्टीवर इंग्रजीत लिहिलं होतं, इंडिया पोस्टेज, आणि खाली, अर्धा आणा. गळ्यातला काळा दोरा म्हणून सगळे ज्याला हात जोडत आले होते, तो टपालखात्याचा शिक्का होता.

रीताने बी.ए.ला इतिहास घेतला होता आणि पास होण्यापुरताच वाचला होता. पण पुस्तकातलं दिल्ली दरबाराचं चित्र तिला आठवत होतं. ही दाढी तिथली होती.

तिने प्रफुलला हाक मारून मागे सांदवाडीत, म्हणजे परसात नेलं. तो गडचिरोलीला शाळेत शिकवायचा, सुट्टीला आला होता. त्याने तिकीट तळहातावर घेतलं, चष्मा वर केला, आणि असा हसत सुटला, की चिंचेखाली बांधलेली गाय उठून उभी राहिली.

"पाचवा जॉर्ज," तो म्हणाला. "अवं, आमचा बुढा पाचवा जॉर्ज निघाला."

मग त्याचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला आणि हसणं थांबलं.

तेवढ्यात अजय आला, फ्लेक्सची घाई करत. रीताने काही न बोलता तिकीट त्याच्यापुढे धरलं. तो ते बघत होता आणि रीता त्याला बघत होती. दाढीला तेल लावलेलं, मिशीची टोकं वर. डोक्यावर मुकुट तेवढा ठेवायचा बाकी होता. तिला ओठ दाबावे लागले.

अजयने पहिला प्रश्न विचारला तो पुढाऱ्याला शोभेल असाच, की आणखी कोणाकोणाला माहीत आहे. कोणालाच नाही, म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला आणि डोकं लगेच चालू लागलं. सिंदेवाहीच्या कय्यूमभाईंचं फोटो-फ्लेक्सचं दुकान आहे, ते संगणकावर मुकुटाच्या जागी फेटा बांधून देतील, त्यात काय मोठं. त्याने रीताच्याच मोबाईलवर फोटो काढला, कारण तिचा कॅमेरा चांगला, आणि तिच्याच मोबाईलवरून पाठवूनही दिला.

"अबे, ज्यानं गोळी मारली म्हून तू गावभर सांगत फिरून राह्यला," प्रफुल म्हणाला, "त्यालेच उद्या हार घालशीन का?"

"मंग तू जाऊन सांग बाबाले," अजय म्हणाला. "सांग का रोज ज्याच्यासमोर बसता तो तुमचा बाप नाई म्हून. जा."

प्रफुल कुठेच गेला नाही. त्याला एकदम आठवलं, की गायीपुढे वैरण टाकायची राहिली आहे. आत्तापर्यंत बायकोच्या बाजूने उभा असलेला नवरा बघता बघता भावाच्या बाजूला गेला, आणि तोही वैरण हातात घेऊन. फेटाच बरा, असं तो गायीला सांगितल्यासारखं म्हणाला.

रीताला फ्लेक्सचं काही पडलेलं नव्हतं. अजयची फजिती झाली असती तर तिने वरून साखर वाटली असती. तिला एकच भीती होती. नव्वदीला टेकलेले तिचे सासरे रोज सकाळी आंघोळ करून त्या चौकटीसमोर बसायचे आणि बोलायचे. देवाशी नव्हे, बापाशी. धान लोंबीवर आलं, तुडतुडा पडला, लाल गाय गाभण आहे, अजय काही ऐकत नाही. स्वयंपाकघरात चहा टाकता टाकता रीता ते ऐकत आली होती. माहेरी तिच्या बापाने तिच्याशी एवढं कधी बोलणं केलं नव्हतं, आणि या म्हाताऱ्याचा बापावरचा जीव बघून तिला कधी कधी हेवा वाटायचा. उद्या चौकात पोरं मोबाईलवर त्या तोंडाचा फोटो काढणार, शोधणार, आणि क्षणात सगळी मंडई हसणार. फेट्याने नाक थोडंच झाकतं? सोमाजींना माईक हातात असताना कळणार, की आपण जन्मभर परक्याला बाप म्हणत आलो. ते होता कामा नये. फ्लेक्स थांबवायचं, तेही त्यांना काही न सांगता, एवढंच तिला दिसत होतं. कसं, ते दिसत नव्हतं.

"काऊन उभी आहे तशी?" मागून आवाज आला.

कुडाच्या पलीकडे, वाल सोलत, इंदुआत्या बसलेल्या. सोमाजींच्या धाकट्या बहीण, राजुऱ्याहून मंडईसाठी आलेल्या. कान शाबूत होते आणि सोलायला वाल भरपूर होता, म्हणजे त्यांनी पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं. रीता काहीतरी सारवासारव करायला गेली, तर आत्यांनी हातानेच तिला खाली बसवलं.

"मले माईत आहे," त्या म्हणाल्या. "मायनं जाता जाता सांगितलं मले."

मग त्यांनी वाल सोलता सोलताच सांगितलं. सोमारी मालगुजाराच्या घरी झाडलोट करायची. तिथे भिंतीवर मालगुजाराच्या बापजाद्यांचे फोटो. सोमाजी लहानपणी तिच्यासोबत जायचे आणि परतताना रोज विचारायचे, आमच्या बापाचा कुठी आहे? एक दिवस कचऱ्यात फाटकं पाकीट सापडलं. त्यावरच्या तिकिटातल्या माणसाला दाढी होती. मुखरूलाही होती म्हणे, विरळ. सोमारीने पाकिटाचा तेवढा तुकडा पदराला बांधला. हे कळल्यावर आत्या बरेच दिवस माहेरच्या देवघराकडे फिरकल्या नव्हत्या. राग बापावर होता की आईवर, हे त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं आणि आताही सांगता येत नव्हतं.

"आता माह्यं काही नाई," त्या म्हणाल्या. "पन भाऊले सांगू नको. तो त्याच्याच भरोशावर मोठा झाला. जीव जाईन त्याचा."

आणि फ्लेक्सचं काय करायचं, असं विचारल्यावर आत्यांनी अजयच्या दाढीचा असा उद्धार केला, की तो इथे लिहिण्यासारखा नाही. उपाय मात्र त्यांच्याकडेही नव्हता.

रीता चहा घेऊन ओट्यावर गेली. सोमाजी खांबाला पायाचा अंगठा टेकवून अंबाडीचं दावं वळत बसले होते. चहाची कपबशी ठेवते न ठेवते तोच तिच्या मोबाईलवर कय्यूमभाईंचा निरोप आला आणि बोट लागताच त्यांचा आवाज वाजला. दुकानातल्या यंत्राच्या गोंगाटात ओरडायची सवय असल्याने ते मोबाईलमध्येही ओरडूनच बोलायचे.

"वहिनी, टोपी काढून बुढ्याले फेटा बांधला. कलर कोनता पाहिजे? भगवा, निळा, हिरवा, सब तयार है. अजयभाऊचं तिकीट फायनल झालं का नाई, त्याच्यावर सांगा. तोपर्यंत पांढरा ठेवतो."

आवाजाखाली चित्र होतं. रीताने मोबाईल पालथा घातला, पण उशीर झाला होता. सोमाजींनी दावं बाजूला ठेवून हात पुढे केला. त्यांच्यापुढे नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. पांढऱ्याशुभ्र फेट्यात पंचम जॉर्ज मोहबोडीच्या धानाच्या बांध्यांकडे बघत होते. म्हाताऱ्याचे खांदे हलू लागले. रीता घाबरून जवळ सरकली. तिला वाटलं ते रडत आहेत. तोंडात दात नसले की माणूस रडतो आहे की हसतो आहे हे पटकन कळत नाही.

"इंग्लंडच्या राजाले फेटा," सोमाजी डोळे पुसत म्हणाले. "आतापर्यंत बिचारा कुंकवाखाली दबून होता, आता सुती कापडात गुंडाळला."

रीताने सासऱ्यांनाच विचारलं.

"मामाजी, तुमाले माईत होतं?"

"कवाचं."

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि मग सांगितलं. शाळेत जाण्याएवढे होते. आठवडी बाजाराला आईने तांब्याचा पैसा दिला होता, फुटाणे घ्यायला. फुटाणेवाल्याने पुडी बांधली, हात पुढे केला, आणि पैसा देताना सोमाजींनी पहिल्यांदा तो निरखून बघितला. त्यावर बाप. तेच नाक, तीच दाढी.

"मी पैसा देईच ना," सोमाजी म्हणाले. "बापाले कसा देऊ फुटान्यात? फुटानेवाला वरडून राह्यला, मी मूठ दाबून. पुडी तशीच टाकून घरी पयालो. मायले दाखवला. म्हनलं, माय, बापाचं तोंड पैशावर आहे."

"मंग?"

"मंग ती म्हने, तुझा बाप मोठा मानूस झाला असन कुठीतरी. आन पाठ फिरवून भांडे घासाले बसली. भांडे घासलेलेच होते. तिची पाठ हालून राह्यली होती. तवा समजलं मले. पुढं काही इचारलं नाई."

रस्त्यावरून मंडईच्या झुल्यांचे लोखंडी पाय घेऊन ट्रॅक्टर गेला.

मग रोज कोणाशी बोलता, असं तिने हळूच विचारलं.

"बापाशीच," सोमाजी म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. "ज्याले पाह्यलंच नाई त्याच्याशी बोलाले काही तं तोंड लागते ना, माय. मायनं हे आनून देल्लं. राजाचं तं राजाचं. उलटून बोलत नाई, आनखी का पाहिजे?" बशी खाली ठेवून ते एकदम गंभीर झाले. "पन इंदीले सांगू नको. ती बापाच्या मांगं जन्मली, तिच्याजवळ दुसरं काहीच नाई. तिले कळलं तं मोडन ती."

रीता हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? कुडापलीकडे वाल सोलत बसलेल्या बाईचा शब्द तिने नुकताच पदरात बांधला होता. आता दुसऱ्या टोकाला हा बांधला.

सोमाजींनी अजयला हाक मारली. अजय आला तो फेट्याच्या रंगाविषयी बोलत बोलतच. म्हाताऱ्याने त्याला ओट्याखाली उभं ठेवलं आणि सांगितलं, की हे फ्लेक्स लागणार नाही. अजयने गावातल्या अब्रूचा विषय काढला, आगाऊ दिलेल्या आमंत्रणांची आठवण करून दिली, पूर्वजांच्या मानाचं नाव काढलं. शेवटी म्हणाला, की लागणार म्हणजे लागणार.

"लाव," सोमाजी शांतपणे म्हणाले. "माईक माह्याच हातात देशीन ना? मी सांगतो मंग लोकाइले, हा कोन होय ते."

अजय बापाकडे बघत राहिला. मग वहिनीकडे. रीताने उगाच कपबशी आवरायला घेतली. बापाला माहीत आहे, हे डोक्यात शिरायला त्याला थोडा वेळ लागला, आणि ते शिरल्यावर तो आयुष्यात पहिल्यांदाच रीताला लहान दिसला. तो ओट्याच्या पायरीवर बसला. आता चौकात रिकामे खांब ठेवू का, एवढंच त्याने विचारलं, आणि तेही पडेल आवाजात.

"रिकामे काऊन?" सोमाजी म्हणाले. "माह्या मायचा लाव. तिचा फोटो खरा आहे."

सोमारीचा जन्मात एकच फोटो निघाला होता, मतदानाच्या कार्डावरचा. कोणीतरी अंगावर धावून येत असल्यासारखे डोळे, आणि खांद्यावर सरकारी शिक्का. अजयने लगेच वीरपत्नी हा शब्द सुचवून बघितला. सोमाजींनी नुसतं माईक धरल्यासारखी मूठ तोंडाशी नेली. अजयने शब्द मागे घेतला.

कय्यूमभाईंनी फोनवर पाच मिनिटं कुरकुर केली. एवढा मेहनतीने बांधलेला फेटा वाया गेला म्हणून त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. पण ते धंदा जाणणारे होते, आणि कोणतीही चीज फेकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकात फ्लेक्स चढलं. वर सोमारी, घरापेक्षा उंच. खाली लिहिलेलं, सोमारीबाई मुखरू बोरकुटे यांच्या परिवारातर्फे मंडईला आलेल्या पाहुण्यांचं स्वागत. आणि कोपऱ्यात हात जोडलेला अजय, डोक्यावर पांढराशुभ्र फेटा. कय्यूमभाईंनी राजाच्या डोक्यावरचा उतरवून तो त्याला चढवला होता, आणि सोबत निरोपही पाठवला होता, की दाढी सेम असल्याने एकदम फिट बसला. प्रफुल ते बघून जिलबीच्या दुकानामागे हसायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही. नाकाचा हिशेब त्याने अजून कोणाशी बोलून दाखवला नव्हता.

सोमाजींनी माईक घेतला नाही. काठीवर रेलून ते मान वर करून बघत राहिले. शेजारी इंदुआत्या होत्या. दोघांच्या मधोमध फुलांचं ताट घेऊन रीता.

"माय," सोमाजी म्हणाले, "केवढी मोठी झाली तू."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. रीतालाही रडू आलं, आणि ते लपवावं असं तिला वाटलं नाही.

संध्याकाळी घर नाटकाच्या तयारीला लागलं. घोंगड्या, चटया आणि पोरंटोरं मांडवाकडे निघाली, तशी देवघरात जरा शांतता झाली. रीताने तिकीट चौकटीत घातलं, खिळे दाबून बसवले आणि समईजवळ ठेवलं. धुतल्यामुळे राजा अगदी लख्ख दिसत होता. मुकुटातले खडेही मोजता आले असते. सोमाजी दाराशी आले, आत डोकावले, आणि कुजबुजले, की कुंकू जरा जाड लाव, इंदी उद्या जाताना पाया पडायला येईल. रीताने जाड लावलं. ते समाधानाने काठी टेकत गेले.

ती उठणार तोच इंदुआत्या आत आल्या. त्यांनी आधी मागे वळून भाऊ लांब गेल्याची खात्री केली, मग खाली वाकून चौकटीकडे बारीक डोळ्यांनी बघितलं.

"अजून लाव वं," त्या म्हणाल्या. "थोडासा दिसून राह्यला. सकाळी भाऊ बसन इथी."

रीताने करंड्यात पुन्हा बोट बुडवलं आणि असं ठासून लावलं, की मुकुट तर गेलाच, राजाचा डोळाही बुजला. आत्यांनी हात जोडले.

"हां," त्या म्हणाल्या. "आता दिसते बाप."